दिलेली जागा

कुमार सरांनी ‘पुढे’ म्हटलं आणि वरची वाडी गेली. एवढंच झालं. भिंतीवरच्या पडद्यावर जागांची नावं सरकत होती, जिच्या मालकीचा कागद नाही तिच्यावर वैष्णवी मॅडम लाल पट्टी ओढत होत्या आणि सर ‘पुढे’ म्हणत होते. किनाऱ्यावरची भरती मोजायची एक-दोन ठिकाणं अशीच गेली, घाटमाथ्यावरची काही पर्जन्यमापकं गेली, आणि मग ‘मार्गासनी, वरची वाडी’ आलं, लाल झालं, गेलं. शुभांगीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने सांडला नाही, खाली ठेवला नाही, ओठालाही लावला नाही. बैठक संपल्यावर शिपायाने तो तिच्या हातातून काढून घेतला तेव्हा तिला कळलं की आपली बोटं आखडली आहेत. राग यायला हवा होता, पण तो यायचा कुणाचा? वैष्णवी मॅडम अर्थ विभागाच्या, त्या त्यांचं काम करत होत्या. कुमार सरांना घरी जायची घाई होती, ती रोजच असते. आणि वाक्य तर तिचं स्वतःचंच होतं. ‘ज्या जागेचा मालकी हक्क खात्याच्या नावे नोंदलेला असेल अशीच जागा अनुसूचीत समाविष्ट करता येईल.’ हे तिने लिहिलं होतं, तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर स्वतःवर खूष होऊन एकटीने जाऊन मिसळ खाल्ली होती.

खातं समुद्राचं आणि हवेचं. खोल पाण्यात तरंगणाऱ्या यंत्रांपासून सह्याद्रीच्या माथ्यावरल्या पर्जन्यमापकांपर्यंत त्याचा पसारा, सायंकाळच्या बातम्यांत त्याचा नकाशा, आणि चुकला तर सगळ्या देशाने त्याची टर उडवायची. पण हे खातं कोणत्या कायद्याने उभं आहे असं कुणी विचारलं तर उत्तर नव्हतं. फार पूर्वीचा कुठला तरी ठराव होता, त्यावर चढवलेले आणखी ठराव होते, आणि दरवर्षी अर्थ विभागापुढे जाऊन हात पसरणं होतं. एखाद्या साली वरचा माणूस नाराज असला की समुद्रातली यंत्रं वर्षभर दुरुस्तीवाचून डोलत राहायची. शुभांगी विधी शाखेत आली ती तरुणपणी, आणि हे समजल्यावर पहिले काही दिवस तिला झोप आली नव्हती. एवढं मोठं घर आणि पाया कुणी घातलाच नाही. मग विधेयकाचं काम निघालं, ते तिच्याकडे आलं आणि तिने ते पदर खोचून अंगावर घेतलं. कलमामागून कलम. खात्याचा हक्क काय, निधी कुठून, अंदाज चुकला तर कुणावर दावा लावता येणार नाही, आणि शेवटी अनुसूची. म्हणजे खात्याच्या सगळ्या जागांची यादी. यादीत नाव असलं की निधी कायद्याने मिळणार, कुणाच्या मर्जीवर नाही. यादीत नसलं की पैसा बंद, यंत्र उतरवून गोदामात. मालकीचं वाक्य तिने घातलं त्यालाही कारण होतं. कोकणात एका ठिकाणी जागामालकाच्या मुलाने एका रात्रीत कुंपण काढून हॉटेल टाकलं होतं, खातं कोर्टात गेलं आणि कागदाअभावी हरलं. ती स्वतः त्या सुनावणीला गेली होती. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघून विचारलं होतं, बाई, काहीतरी दाखवा की. तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हाच तिने ठरवलं की पुन्हा ही वेळ यायची नाही.

आणि आता वरची वाडी. संध्याकाळी घरी पोळ्या करताना तिच्या डोळ्यांपुढे ते चौकोनी कुंपण उभं राहिलं, आत उंचवट्यावर तांब्याचं जुनं नरसाळं आणि त्याच्या शेजारी अलीकडे बसवलेलं यंत्र, सूर्यावर चालणारं, आपलं आपण मोजून आपलं आपण कळवणारं. नवऱ्याने, सोमनाथने विचारलं, काय झालं, तर ती म्हणाली, काही नाही. तो म्हणाला, पोळी जळतेय. तिला वाटलं ह्याला सांगावं की आजोबांनी दिलेली जागा आज मी काढून टाकली, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सगळं तिला स्वतःलाही अजून नीट लावता आलं नव्हतं. आजोबांनी दिली हे खरं. कशी दिली ते घरात इतक्यांदा सांगून झालं होतं की तिने ते पाहिलं नसूनही तिला ते पाहिल्यासारखं आठवायचं. खात्याचा एक साहेब डोंगरात जागा शोधत आला. आजोबांनी खाचराच्या वरच्या अंगाचा उघडा तुकडा दाखवला. साहेबाने विचारलं, भाडं किती घ्याल. आजोबा म्हणाले, पाऊस मोजायचं भाडं कसलं. मग त्यांनी आजीकडून तांब्या आणवला, तुळशीचं पान आणवलं, साहेबाला पायातले बूट काढायला लावले आणि ओंजळ धरायला लावली. स्वतःच्या तळव्यावरून त्याच्या ओंजळीत पाणी सोडलं. उदक सोडलं की संपलं. साहेबाच्या कोटाची बाही भिजली, तो ओशाळला, हसला आणि गेला. कागद करायचं त्याच्या मनात आलं नसेल, किंवा आलं असेल आणि भिजलेल्या बाहीने तो विसरला असेल. आजोबांच्या मनात तर आलंच नव्हतं. वाडीतल्या देवळाची जागा अशीच दिलेली, मसणवट्याची अशीच दिलेली. दिलेली जागा लिहून घ्यायची म्हणजे देणाऱ्यावर शंका घ्यायची. खोलात जाऊन पाहिलं तर सगळ्या खात्याचंही तेच झालं होतं. कुणीतरी कधीतरी विश्वासाने सुरू केलं आणि लिहायचं राहून गेलं.

कणीक संपली तेव्हा तिने ठरवून टाकलं होतं. यादी पुढच्या आठवड्यात दिल्लीला जाणार होती. तेवढ्यात आप्पांकडून बक्षीसपत्र करून घ्यायचं. आप्पा म्हणजे तिचे धाकटे चुलते, सोनबा. वडील गेल्यावर तिने आपला हिस्सा भोरला जाऊन त्यांच्या नावे सोडून दिला होता, सगळ्याजणी सोडतात तसा. तो दिवस तिला लख्ख आठवत होता. नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिने हक्कसोडाचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचला होता, एक चूक काढून टंकलेखकाला दुरुस्त करायला लावली होती, आणि मग सही केली होती. आप्पांनी बाजारातून तिला हिरवी साडी घेतली, वर भेळ खाऊ घातली. बरोबरच्या मैत्रिणींनी नंतर तिला वेड्यात काढलं. कायदा शिकलेली बाई आणि जमीन सोडून आलीस? ती म्हणाली होती, वाचून सोडली. ते उत्तर तिला तेव्हा फार आवडलं होतं. आता सातबाऱ्यावर एकटे आप्पा होते. म्हणजे काम सोपं. एक माणूस, एक सही, कुंपणाएवढी जागा.

रविवारी स्वारगेटवरून वेल्ह्याची एसटी पकडली. कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालं होतं, कंडक्टरच्या तोंडात मात्र वेल्हंच. खिडकीतून कात्रजचा उतार, टोलनाका, हायवे सोडून नसरापूर, आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुण्याच्या लोकांनी घेतलेले तुकडे, प्रत्येकाला फाटक, प्रत्येक फाटकावर इंग्रजी नाव. ती बसल्या बसल्या वाक्यं जुळवत होती. आप्पा, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त भोरला यायचं. आप्पा, खर्च माझा. आप्पा, हे आजोबांसाठीच आहे. हे शेवटचं वाक्य तिने खोडलं, कारण ते ऐकून आप्पा डोळे बारीक करणार हे तिला ठाऊक होतं. लोकांना पटवण्याचा तिचा धंदाच होता, आणि तरी स्वतःच्या माणसापुढे जाताना आपली भाषा आपोआप आखूड होते, हे तिला दरवेळी नव्याने जाणवायचं. शिवाजीनगरच्या कचेरीत ती ‘समाविष्ट’ आणि ‘तरतूद’ म्हणायची. मार्गासनीला उतरून वरच्या वाटेला लागली की चढावर कुठंतरी तिच्या तोंडात ‘न्हाई’ येऊन बसायचं. हे ढोंग आहे का, असं एकदा सोमनाथने विचारलं होतं. तिला राग आला होता. ढोंग असलंच तर ते कचेरीतलं.

राब भाजायचे दिवस होते. खाचरात पालापाचोळा, शेण आणि माती पसरून आप्पांनी जाळ लावला होता आणि हातात जाळ झोडपायला ओल्या डहाळ्यांचा ढापा घेऊन ते कडेकडेने फिरत होते. सगळ्या उतारावर निळसर धूर धरला होता. काकू, पारूबाई, बांधावर पदराने नाक झाकून बसल्या होत्या. तिला बघून त्या उठल्या नाहीत, पण त्यांचं तोंड सुटलं. “आलीस का बया. आदी फोन न्हाई का काय न्हाई. वाळलीस लई. त्या पुन्यात खायाला मिळत न्हाई व्हय?” आप्पांनी हात वर केला आणि पुन्हा जाळाकडे वळले. जाळ पुढे सरकत जाऊन कुंपणाच्या अलीकडे थांबला होता. तिथे त्यांनी मुद्दाम पट्टा मोकळा ठेवला होता. नांगरही तिथे वळसा घेऊन जातो हे ती लहानपणापासून बघत आली होती. त्या तुकड्यातलं गवत आप्पा कापायचे, पण स्वतःच्या गुरांना घालायचे नाहीत, बाहेर टाकायचे, मग कुणाचीही शेरडं खावोत. तिला एकदम वाटलं, हा माणूस माझं काम पाच मिनिटांत करून देईल. उगाच आठवडाभर जीव टांगला.

जेवण झाल्यावर ओसरीवर तिने सांगितलं. दिल्लीत कायदा होतोय, त्यात सगळ्या जागा लिहायच्या आहेत, आपली जागा लिहायला एक बक्षीसपत्र लागतं, भोरला गेलं की तासाभराचं काम. आप्पा सुपारी कातरत ऐकत होते.

“बक्षीस?” ते म्हणाले. “बक्षीस फडावरच्या पैलवानाला द्येत्यात.”

“नाव तसं हाय त्याचं, आप्पा. तुमी जागा सरकारला देताय एवढंच त्यात लिवायचं.”

“म्या कुठं देतुय?”

“मंग कोन?”

“आबांनी दिली की. म्या काय द्यायची? दिलेली जागा परत देता येती व्हय? माजी आसती तर दिली आसती.”

तिने समजावलं. सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे, म्हणजे कायद्याने जागा आज तुमची आहे. आप्पांनी सुपारी तोंडात टाकली. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळेच ती हळूहळू घाबरत गेली.

“म्हंजी कसं म्हनतीस तू, शुभे? आबांनी पानी सोडलं तवा जागा गेली न्हाई? इतकी वर्सं आमीच खाल्ली ती? म्या सही केली की तेवढंच झालं ना. म्हातारा खोटा, त्याचं पानी खोटं, आन् खरा दाता म्या.”

“तसं न्हाई हो.”

“तसंच हाय. तू तुजा हिस्सा सोडलास, सही केलीस, म्या म्हनलं का काय? तुजं व्हतं, तू दिलंस. ह्ये माजं न्हाईच. लोकाची वस्तू म्या बक्षीस दिऊ?”

काकू आतून म्हणाल्या, “करा की सही. पोरगी इतक्या लांबनं आली.” आप्पा म्हणाले, “तू भाकरी बघ.” काकू म्हणाल्या, “भाकरी कवाच झाली.” शुभांगीला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. हा सगळा उतार पैशांत मोजला जातोय, फाटकं लागतायत, आणि हा म्हातारा फुकट द्यायलाही तयार नाही, का, तर आधीच दिलीय म्हणून. ती जरा जोरात बोलली. आप्पा, सही केली नाही तर यंत्र घेऊन जातील. खालच्या वाडीचं काय? त्या पावसाळ्यात डोंगर सुटला तेव्हा ह्याच यंत्राने आधी कळवलं होतं, सगुणामावशी आणि सगळी माणसं मार्गासनीच्या शाळेत येऊन बसली होती, दरड आली ती रिकाम्या घरांवर. विसरलात? काकू दाराशी आल्या. सगुणाबाई त्यांची सख्खी बहीण. त्यांनी आप्पांकडे नुसतं बघितलं. आप्पांचा अडकित्ता थांबला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, ती तशीच राहिली, आणि मग ते एकदम मोकळे हसले.

“न्हेतील कशापायी? सरकार काय येडं हाय का? दिलेलं कोन टाकून देतं?” मग ते गंभीर झाले. “तुला लिवूनच पायजे ना? मंग आसं लिव. ही जागा सोनबाची न्हाई. म्या कुटंबी येतो, भोरला, दिल्लीला, कुनाम्होरं बी सांगतो. माजी न्हाई, माज्या पोरांची न्हाई. पन म्या देतो आसं माज्या तोंडनं निघायचं न्हाई.”

ती कुंपणापाशी जाऊन बसली. धूर ओसरला होता, राखेचा गरम वास येत होता. समोर तोरणा उन्हात फिकट दिसत होता. तिच्या डोक्यात तिचंच वाक्य फिरत होतं आणि आता ते तिला आवडत नव्हतं. मालकी हक्क नोंदलेला असेल अशीच जागा. कोकणातल्या त्या हॉटेलवाल्याला धरायला तिने जाळं विणलं होतं आणि त्यात तिचेच आप्पा अडकले होते, जे पळूनच जात नव्हते. दोघांत फरक काय? तो म्हणत होता, जागा माझी. हे म्हणतात, माझी नाही. कागद दोघांकडेही नाही. मग कागदावर काय लटकलंय? तिला लहानपणी वडिलांनी ह्याच कुंपणात उभं करून नरसाळ्यात बघायला लावलं होतं. आत अंधार होता आणि तळाशी पाण्याचा गोल. हात घालू नकोस, ते आपलं नाही, असं वडील म्हणाले होते. आपल्याच खाचरात, आपल्याच घरावर पडणारं पाणी आपलं नाही हे तिला तेव्हा विलक्षण वाटलं होतं. त्या एका वाक्यामुळे आपण हे खातं धरलं असं तिने मुलाखतीत सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. आप्पा चूक नाहीत. हे कबूल करायला तिला बराच वेळ लागला, कारण मग चूक कोण हे उघडच होतं. माणूस मागेपुढे होत नसेल तर वाक्य मागेपुढे करायचं. वाक्य करणारी मीच आहे. ती उठली, साडीची राख झटकली. काकूंनी डबा बांधून दिला. उतरताना चढापेक्षा पाय जास्त घट्ट पडत होते.

एसटीत तिने मोबाईलवर नवं वाक्य लिहायला घेतलं. ज्या जागा मूळ धारकाने खात्यास तोंडी दिल्या, ज्यांचा ताबा व वापर खात्याकडे तेव्हापासून अखंड आहे आणि ज्यांवर सध्याच्या धारकाचा दावा नाही, त्या या कायद्यान्वये खात्याकडे निहित असल्याचे मानण्यात येईल. ‘दावा नाही’ इथे ती थांबली. आप्पा हे सांगायला दिल्लीलाही जातील. कोकणातला माणूस सांगणार नाही. चाळणी बरोबर लागली होती. देणाऱ्याला पुन्हा द्यायला लावायचं नाही, त्याने दिलेलं कायद्याने मान्य करायचं. नसरापूरच्या गर्दीत बस अडकून पडली तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. मग, खेड शिवापूरच्या आसपास, दुसरी गोष्ट लक्षात आली. तोंडी दिली हे सांगणार कोण? खात्याच्या दप्तरात उदक कुठून असणार? आजोबा गेले, साहेब कधीचा गेला असेल. वरची वाडी दिली गेली हे खात्यात एकाच माणसाला माहीत होतं. ती बोलली तर प्रश्न येणार, तुम्हाला कसं माहीत. आणि नियम तिला पाठ होता, कारण तोही तिनेच लिहिला होता. ज्याचं घर एखाद्या जागेशी जोडलेलं आहे त्याने विधेयकाच्या कामात राहायचं नाही.

तसं तिला गप्पही राहता आलं असतं. सासरचं आडनाव वेगळं होतं. हिस्सा तिने सोडला होता, तोही वाचून. कागदोपत्री तिचा आणि वरच्या वाडीचा काडीचा संबंध नव्हता, आणि कुणी विचारलंच तर हे शपथेवरही सांगता आलं असतं. वाक्य सरळ मसुद्यात सरकवायचं, बैठकीत सर्वसाधारण बोलायचं, उदाहरण म्हणून भलतीच जागा घ्यायची. पण वैष्णवी मॅडम मूर्ख नव्हत्या. त्या विचारणार, अशी खरी जागा दाखवा, आणि तेव्हा तिला न्यायाधीशांपुढे बसली होती तसंच बसावं लागणार. दाखवायला काही नाही. ह्या वेळी मात्र होतं. विधेयक तिचं होतं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. संसदेत ते मांडलं जाईल त्या दिवशी दिल्लीला जायचं, वर गॅलरीत बसायचं, हे तिने मनात कधीचं ठरवून ठेवलं होतं, साडीसुद्धा ठरली होती. ते सगळं तिने कात्रजच्या बोगद्यापर्यंत डोळ्यांपुढे धरलं. बोगद्यातून बाहेर पडताना तिने ते सोडलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. शेजारची बाई आपल्याकडे बघतेय हे कळूनही तिने डोळे पुसले नाहीत.

बैठकीत वैष्णवी मॅडमनी नवं वाक्य दोनदा वाचलं. “तोंडी?” त्या म्हणाल्या. “शुभांगी मॅडम, कोकणातल्या केसनंतर तुम्हीच मला समजावलं होतंत की कागदाशिवाय एक रुपया जाऊ द्यायचा नाही. उद्या कुणीही उठून म्हणेल, आमच्या आजोबांनी दिली होती.”

“दिली म्हणणाऱ्याचं भय नाही,” शुभांगी म्हणाली. “माझी आहे म्हणणाऱ्याचं आहे. तो ह्या वाक्यातून गळतो. दावा नाही हे धारकाकडून लिहूनच घ्यायचं.”

“आणि असा धारक कुठे भेटतो? स्वतःची जमीन माझी नाही म्हणणारा?”

“मार्गासनी, वरची वाडी.”

कुमार सरांनी घड्याळावरची नजर काढली. “तुम्हाला कसं माहीत?”

तिने सांगितलं. तांब्या सांगितला, तुळशीचं पान सांगितलं, साहेबाची भिजलेली बाही सांगितली. कचेरीच्या भाषेत सांगायला सुरुवात केली होती, पण मध्येच कुठंतरी ‘पानी सोडलं’ असं तोंडून निघून गेलं आणि तिने ते दुरुस्त केलं नाही. कुणीतरी हसलं. वैष्णवी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. “म्हणजे ही जागा तुमच्या घरची आहे,” कुमार सर हळूच म्हणाले. त्यांनी तिला वाट करून दिली होती, हे तिला दिसलं. नाही, कागदावर नाही, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ‘पुढे’ म्हटलं असतं.

“जागा आमची नाही, सर,” ती म्हणाली. “पण दिली त्या घरची मी आहे. हे नोंदवून घ्या. आणि फाईल वैष्णवी मॅडमकडे द्या. वाक्य मात्र ठेवा.”

मग वैष्णवी मॅडम म्हणाल्या, “‘दावा नाही’ याच्यानंतर ‘असे लेखी कथन तलाठ्यासमोर केले आहे’ घालते. त्याशिवाय अर्थ विभाग मानणार नाही.” शुभांगीने मान डोलावली. सुधारणा चांगली होती. ती आपल्याला सुचली नाही म्हणून तिला क्षणभर हेवाही वाटला. पडद्यावरची लाल पट्टी निघाली. तिने फाईल टेबलावरून सरकवली. ती इतकी जाड झाली होती की मॅडमना दोन्ही हात लावावे लागले. दुपारी तिला नवं काम आलं, कचेरीच्या गाड्यांच्या भाड्याचे करार. पहिल्याच करारात एक चूक होती. ती तिने खूण करून ठेवली, आणि पुढचं पान उलटलं.

तलाठी वाडीवर जाऊन आला, जबाब झाला, यादी गेली. शुक्रवारी संध्याकाळी वैष्णवी मॅडम स्वतः तिच्या टेबलापाशी येऊन सांगून गेल्या की दिल्लीने वाक्य जसंच्या तसं घेतलं. मसुद्याच्या पहिल्या पानावर आता त्यांचं नाव होतं आणि ते सांगताना त्या अवघडल्या होत्या. शुभांगीने त्यांना चहा पाजला. त्या गेल्यावर ती जिन्यात येऊन उभी राहिली. खाली गाड्या, रिक्षा, रस्त्याची खोदाई. तिला एकाच माणसाला सांगायचं होतं. आप्पांनी फोन फार उशिरा उचलला आणि उचलल्यावर नेहमीसारखे ओरडून बोलायला लागले.

“आप्पा, राहिलं,” ती म्हणाली.

“काय राह्यलं?”

“आपलं पर्जन्यमापक. वरच्या वाडीचं. कायद्यात नाव लागलं. आता ते तिथनं कुनी हलवत न्हाई.”

पलीकडे गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

“राह्यलं म्हंजी?” ते म्हणाले. “ते जानार व्हतं व्हय कुटं?”

तिच्या जिभेवर सगळं आलं. फाईल आली, गॅलरी आली, पहिल्या पानावरचं नाव आलं. ती कठड्याला टेकली.

“न्हाई, आप्पा,” ती म्हणाली. “कुटं जानार व्हतं.”

“मंग?” ते हसले, आणि फोन कानाशी तसाच ठेवून त्यांनी घरात हाक मारली, “अगं, शुभीचा फोन हाय. काय न्हाई, आसाच केलाय तिनं.”